मूठभर कोंड्याचा पोट्टा

मी बारा दिवसांचा असताना मायनं मला मूठभर कोंड्याला विकलं. घेणारी शेजारची कौशल्याबाई. सौदा आमच्या उकिरड्यावर झाला.

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. माझ्याआधीचे दोन भाऊ पाचवीच्या पूजेआधीच गेले होते. एकोडी गावात तेव्हा आमच्या घरांमध्ये रीत होती. मुलं जगत नसली तर पुढचं मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, त्याला भरपूर नावं ठेवायची आणि शेजारणीनं कोंडा देऊन ते उचलायचं. सटवाईला वाटावं की हे मूल त्या घरचं नाही, आणि कोंड्याच्या मोलाचा माल उचलून नेण्यात अर्थही नाही. नंतर दूध पाजणारी आई तीच, घर तेच. फक्त मूल दुसरीच्या नावावर. पुढे लग्नात, हळदीच्या आधी, आईनं सूपभर तांदूळ देऊन ते परत घ्यायचं. तिथे रीत पुरी होते.

माझी पुरी झाली नाही. शाळेच्या दाखल्यावर मी तुलाराम, गावात कोंड्या. साकोलीच्या राईस मिलमध्ये चौतीस वर्षं पोती उचलली, बासष्टाव्या वर्षी घरी बसलो, तरी मी कौशल्याबाईचाच होतो. याला कारण माझी माय, शकुनबाई. सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

माय चौऱ्याऐंशीची आहे. तिनं पन्नास वर्षं धान रोवलं, आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आणि लोकांच्याही. रोवणाऱ्या बाया वाकून मागे मागे सरकतात. माय एका जागी रोपाच्या तीन काड्या रोवायची, चार नाही. दोन जागांमध्ये वीतभर अंतर. शेजारणीनं पाच काड्या खुपसल्या तर उपटून तिच्या हातात द्यायची. त्यामुळे तिच्या शेजारी कोणी टिकत नसे. पण गाणं तिचंच असायचं. रोवण्याच्या गाण्यात एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या उचलतात. ओळ टाकणारीला आमच्या बाया ‘पुढची’ म्हणतात, जरी तीही सगळ्यांसारखी मागेच सरकत असते. माय चाळीस वर्षं पुढची होती.

कौशल्याबाईचा आवाज मायपेक्षा गोड. हे माय नाकारत नाही. म्हणते, "गोड हाये. पन दम पुरत नाही, मधातच ओळ तोडते. तुटल्या ओळीवर पाय कुठं ठेवाचा?"

माझ्या हळदीच्या सकाळी माय सूपभर तांदूळ घेऊन तिच्या दारात गेली. मी मागे उभा. अंगणात पाहुणे. कौशल्याबाईनं तांदळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तांदूळ माह्याजवळही हाये. मले एका रोवण्याची पुढची दे."

माय म्हणाली, "ठेव पोट्टा."

आणि सूप घेऊन घरी आली. त्या तांदळाचा लग्नात भात झाला. हळद लावायला दोन आया बसल्या. माझी बायको ललिताबाई आजही सांगते, "बाकीच्या बायाइले एका सासूचा तरास. मले एकीवर एक फुकट."

मायनं गाणं सोडलं नाही आणि कौशल्याबाईनं हक्क सोडला नाही. तिचा मुलगा वीरेंद्र भंडाऱ्याला नोकरीला. त्यामुळे तिचे कौल फेरणारा मी, कुंपण बांधणारा मी, धानाची पोती घरात लावणारा मी. आमच्या झाडाचा पहिला आंबा तिच्याकडे जायचा. मी कुरकुर केली तर ती म्हणायची, "कोंडा मोजून घेतला तुले. फुकट नाही आनला." आणि माय म्हणायची, "जा, मालकीन बोलावून राहिली." दोघींचं भांडण कधी झालं नाही. दोघींमध्ये मी होतो, एवढंच.

यंदा धान घरात आल्यावर गोष्ट हलली, आणि हलवली माझ्या धाकट्या मुलीनं.

डिंपल साकोलीला मराठीत एम.ए. करते. तिला वीस पानांचा प्रकल्प लिहायचा होता. विषय, मूल देऊन टाकण्याच्या एका लोकगीतातले अलंकार. गीत कोणतं, हे घरात विचारायची गरज नव्हती. ते माझंच होतं. सरांनी बजावलं होतं की किमान पाच अलंकार सापडलेच पाहिजेत. मला हे पटलं. कामाला माप असावं.

तिनं ओसरीवर खुर्ची मांडली आणि मोबाइल स्टुलावर उभा केला.

"आजी, बस इथं. म्हन."

"बसून गानं निंगत नाही."

"काहून?"

"पाय मांगं सरकल्याबिगर पुढची ओळ कुठून येईन?"

डिंपलनं माझ्याकडे पाहिलं. मायचं बरोबर होतं. पोतंही बसून उचलता येत नाही.

शेवटी मायनं स्वयंपाकघरातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणली. ललिताबाई "भाजीचा हाये तो!" म्हणेपर्यंत माय अंगणात वाकली होती. सारवलेल्या जमिनीवर ती सांबाराच्या तीन-तीन काड्या मांडत मागे सरकू लागली आणि ओळ टाकू लागली. डिंपल मोबाइल धरून तिच्यासमोर वाकून चालत होती.

ने वो बाई, ने वो बाई, सुपातला कचरा,
नाक त्याचं वांग्यावानी, कान जसा पतरा.
मूठभर कोंडा दे वो, नको मले धन,
कटकट माही गेली बाई, हलकं झालं मन.
हसत आली उकिरड्यावर, हसत गेली घरी,
पदर वला काहून म्हनता? हिंदकली घागरी.

शेवटच्या ओळीला माय कोंबड्यांच्या खुराड्याला जाऊन टेकली. कोंबड्या ओरडल्या. तेही रेकॉर्ड झालं.

"कान पतरा, हे बराबर हाये!" कौशल्याबाईचा आवाज आला. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. ती तिथे हात टेकून उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

डिंपल ओसरीवर वही घेऊन बसली आणि आजीला एकेक अलंकार समजावून सांगू लागली.

"पतरा-कचरा, हे यमक. नाक वांग्यासारखं, ही उपमा. पोराले थेट कचराच म्हटलं, हे रूपक."

"नाक वांग्यासारखं नव्हतं," मी म्हणालो. "आताही नाही."

"बाबा, तुमी मधात बोलू नका. अन् आजी, ही शेवटची ओळ आहे न, पदर ओला काहून, त घागर हिंदकळली. ही व्याजोक्ती."

माय दचकली. "कायचं व्याज?"

"व्याजोक्ती म्हंजे..."

"मूठभर कोंड्यावर व्याज? हळू बोल वो पोरी! थे भिताडाशी उभी हाये. बासष्ट वर्साचं मांगल!"

"आजी, ते व्याज नाही. व्याज म्हंजे निमित्त. खरं कारन लपवाचं अन् दुसरंच सांगाचं. तू रडत होती. ते लपवाले घागरीचं नाव घेतलं."

"मी कायले रडू? घागरच हिंदकली होती."

"गान्यात, आजी."

"गान्यातही अन् खरंही. लिव. घागर."

डिंपलनं लिहिलं नाही. चार अलंकार झाले होते, पाचवा मिळत नव्हता.

"पुढचं कडवं म्हन न, आजी. पोरगा परत घेते थे."

"थे परत घेतल्यावरच म्हनाचं असते. आधी म्हटलं त सटवाईले समजते का सौदा खोटा होता."

"बाबा बासष्टचे झाले, आजी."

"सटवाईले वय दिसत नाही. नाव दिसते."

भिंतीपलीकडून कौशल्याबाई म्हणाली, "कधी घेतं मंग? आयतवारी मी चालली. वीरेंद्र गाडी घेऊन येते. आता भंडाऱ्यालेच राहाचं म्हन्ते."

हे आम्हाला नवं होतं. माय उरलेला सांबार वेचून आत गेली. दिवेलागणीला मी तिच्याजवळ बसलो तेव्हा म्हणाली, "थे गेली का मी लटकली."

"काहून लटकशीन?"

"मी मेल्यावर माह्या तोंडात पानी कोन टाकीन?"

"मी टाकीन न, माय. मी इथंच हावो."

"तू तिचा हायेस. तू माह्या तोंडात टाकशीन, अन् तहान तिची जाईन."

मी हसणार होतो. तिच्या तोंडाकडे पाहून थांबलो. दोन मुलं गेलेल्या बाईनं तिसऱ्याला वाचवायला जी रीत मानली, ती रीत तिला अर्धीच खरी मानता येत नव्हती. मी बासष्ट वर्षं जगलो होतो. तिच्या दृष्टीनं रीत चालते, याला तोच पुरावा.

गुरुवारी सकाळी ती सूपभर नवे तांदूळ घेऊन निघाली. मागे मी, माझ्यामागे वही घेऊन डिंपल. कौशल्याबाई गोधड्यांचं गाठोडं बांधत होती. गाठ सैल होती. मी सोडून पुन्हा बांधली.

"पाह्य, अजून माहाच हाये," ती मायला म्हणाली. "सुपात काय वो?"

"तांदूळ."

"माहा भाव तुले ठाऊक हाये."

माय थोडा वेळ सुपात नसलेले खडे शोधत राहिली. मी तिला जड काम करताना पुष्कळ पाहिलं आहे, पण एवढा दम घेताना नाही.

"घे," ती म्हणाली. "पुढची तू."

कौशल्याबाई हसू लागली ती खोकला लागेपर्यंत.

"आता? आता रोवना मशीननं होऊन राहिला. बांधीत बाया नाही. मी काय मशीनीपुढं ओळ टाकू? अन् उचलीन कोन, थो डायवर?"

"मंग काय पाह्यजे तुले?"

"मी कोंडा देल्ला होता. कोंडाच घेईन. मूठभर."

मी उठलो. "मिलमधून आणतो. अर्ध्या तासात येतो."

"मिलचा नाही. मी मुसळाचा देल्ला होता, घरचा. चाखून पाहीन."

मायनं मान हलवली. हा भाव तिला रास्त वाटला. ती उठणार, तेवढ्यात डिंपलनं विचारलं, "कौशल्या आजी, त्या दिवशी घागर खरंच हिंदकळली होती का वो?"

"डिंपल!" माय ओरडली.

"घागर!" कौशल्याबाई म्हणाली. "बाळंतीनबाई सव्वा महिना विहीर शिवते का? बारावा दिवस होता. हिच्या घरचं पानी मी भरत होती. घागर होती, पन थे माह्या डोक्यावर होती. अन् वला हिचा पदर."

डिंपलची पेन्सिल थांबली होती.

"घागरीले भोक असन," माय म्हणाली आणि सूप उचलून चालू लागली.

"माही घागर पितळची होती वो!" कौशल्याबाई मागून ओरडली.

आमच्या घरात उखळ होतं, पण त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. मुसळ गोठ्याच्या दाराला आडणा म्हणून लावलेलं. दोन्ही धुऊन उन्हात ठेवलं आणि शुक्रवारी सकाळी आठला काम सुरू केलं.

मुसळाचा कोंडा कसा निघतो, हे आता फार लोकांना माहीत नाही. पहिल्या कांडणात निघते ती वरची फोलं. ती कोंडा नव्हे. ती पाखडून टाकायची, मग लाल तांदूळ पुन्हा उखळात घालायचा आणि दुसऱ्यांदा कांडायचा. तेव्हा दाण्याला चिकटलेलं जे पिवळसर पीठ सुटतं, तो कोंडा. मिलमध्ये तो आमच्या डोळ्यांत, कानांत, डब्यात जायचा. तासाला कितीतरी पोती. इथे एक मूठ हवी होती.

मी मुसळ घेतलं आणि जोरात हाणलं. चार दाणे बाहेर उडाले.

"आपटू नोको. सोड," माय म्हणाली. "मुसळाले सोताचं वजन हाये. तू फक्त वर नेऊन दे."

चौतीस वर्षं वजनाचंच काम केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण तिचं खरं होतं. सोडल्यावर दाणा उडाला नाही. डिंपलनं पंचवीस घाव घातले आणि तळहाताला फोड आणला. ललिताबाईनं पन्नास घातले आणि स्वयंपाक आठवला. बाकीचे मी. पाखडण्याचं काम मायनं कोणाला दिलं नाही. दुसरं कांडण सुरू झालं तेव्हा ती उठली आणि माझ्या हातातून मुसळ घेतलं.

"सरक. शेवटचे मी मारीन. इकला मीच होता."

तिनं अकरा घाव घातले. मी मोजले. प्रत्येकाच्या मध्ये थांबली, पण एकही दाणा बाहेर पडला नाही. साडेबाराला चाळणीखाली कोंडा जमला. मायनं मूठ भरून पाहिली. भरली. थोडा उरला, तो तिनं वेगळ्या कागदात बांधला.

"हा कायले?" मी विचारलं.

"थे म्हनन कमी हाये."

शनिवारी सकाळी देवाण-घेवाण झाली. उकिरड्यावरच व्हायला हवी होती. पण उकिरड्याच्या जागी आता आम्ही बांधलेलं संडास आहे. दोघींनी विचार करून त्याच्या बाजूला उभं राहायचं ठरवलं. मला सुपात बसवता येत नव्हतं, म्हणून सुपात उजवा पाय ठेवून उभं केलं. कौशल्याबाईनं कोंडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"गोड हाये. पन मूठ लहान हाये. माही मोठी होती."

मायनं कागद पुढे केला.

परत देताना देणारीनं मुलाला नावं ठेवायची असतात, म्हणजे परत करायला कारण मिळतं. कौशल्याबाई यात कमी पडली नाही.

"ने वो बाई तुहा माल! दोघाइचं खाते. कौल फेरले, त जिथं गळत होतं तिथंच गळते. कुंपन लावलं, त बकरी आत अन् मी बाह्यर. इळा मांगतला त कुऱ्हाड आनते. नोको मले!"

कौल गळत नाही. मी जूनमध्ये स्वतः वर चढून पाहिलं आहे. हे रीतीचं बोलणं.

मग मायनं माझा हात धरला आणि ते कडवं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, आता ही वाकेल आणि मागे सरकेल. मागे संडासाची पायरी होती, म्हणून मी हात पुढे केला. पण ती सरळ उभी राहिली. एक पाऊलही हललं नाही.

दे वो बाई, दे वो बाई, सुपातलं थे माहं,
नाक कसं? नाकावानी. डोया? डोयावानी.
कोनावानी दिसते म्हनता, सांगू कोनावानी?
लेकरावानी माह्या बाई, लेकरूच माहं.

डिंपल ओरडली, "अनन्वय!"

"काय झालं?" माय घाबरली. तिला वाटलं, काही चुकलं.

"अनन्वय अलंकार, आजी! पाचवा! ज्याले तुलनाच सापडत नाही, त्याची तुलना त्याच्याशीच करतात."

"अलंकार कायचा वो. नाकावानी नाक हाये. बासष्ट वर्सं वांगं म्हनाव लागलं, आता नाक म्हटलं."

तिनं माझा हात सोडला नाही. घरापर्यंत तशीच आली. दाराशी येऊन म्हणाली, "पानी आन." मी आणलं. तिनं माझ्या हातानं दोन घोट घेतले, थोडं थांबली, घसा तपासल्यासारखं केलं.

"पोचलं," ती म्हणाली.

रविवारी वीरेंद्र गाडी घेऊन आला. तीन गाठोडी, एक ट्रंक, दोन पोती तांदूळ, लोणच्याची बरणी आणि वाटेत प्यायला पाण्याचा कॅन. उचलणार कोण? मीच. वीरेंद्र कमरेतून वाकत होता, त्याला बाजूला केलं. ट्रंक गुडघ्यातून उचलायची असते. सगळं नीट लागलं तेव्हा माय भिंतीवरून म्हणाली, "कौशल्या, आता थो तुहा नाही. हमाली दे त्याले."

"हमाली पाह्यजे?" कौशल्याबाईनं पदराची गाठ सोडली. त्यात कालचा कोंडा होता. तिनं मूठ भरून माझ्यापुढे धरली. "घे."

काम केल्यावर समोर आलेली मजुरी घ्यायची, ही माझी जन्माची सवय. हात आपोआप पुढे गेला.

"घेऊ नोको!" माय किंचाळली. "घेतला का पुन्हा इकला जाशीन!"

आणि चौऱ्याऐंशी वर्षांची बाई भिंतीवरून अर्धी वाकून कौशल्याबाईच्या मनगटावर चापट मारती झाली. कोंडा सांडला. आमच्या कोंबड्या धावत आल्या आणि क्षणात सगळा टिपून गेल्या. आता रीतीनं पाहिलं तर त्या कौशल्याबाईच्या झाल्या आहेत. त्याचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही.

दोघीही हसल्या. कौशल्याबाई जास्त हसली. हसतच गाडीत बसली, काच खाली केली आणि पदरानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

डिंपल खिडकीशी उभी होती. तिनं विचारलं, "कौशल्या आजी, पदर ओला काहून वो?"

"पानी हिंदकलं," कौशल्याबाई म्हणाली. "थो कॅन पाह्य न."

वीरेंद्रनं गाडी सुरू केली. कॅन तिच्या पायाशी उभा होता, दोन गाठोड्यांच्या मध्ये घट्ट बसवलेला. त्याचं झाकण मीच आवळलं होतं.